डेअरडेव्हिल, मोठ्याने वाचलेला

जुलै 2011 मध्ये मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनाने ‘डेअरडेव्हिल’ ही कॉमिक मालिका पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू केली. लेखन मार्क वेडचं, चित्रं पाओलो रिव्हेरा आणि मार्कोस मार्टिन यांची. पहिल्याच गोष्टीत लाल पोशाखातला हा नायक न्यूयॉर्कमधल्या एका माफिया घराण्याच्या लग्नात शिरतो, अंगावरच्या काळ्या ठिपक्यांतून हवा तिथे हात बाहेर काढणाऱ्या स्पॉट नावाच्या खलनायकाशी झुंजतो आणि लग्नाला जमलेल्या सगळ्यांदेखत नवरीचं चुंबन घेतो. ज्यांनी या मालिकेची आधीची वर्षं वाचली होती, त्यांना हा माणूस पटकन ओळखू येईना. तो हसत होता.

पुढच्याच वर्षी, 2012 च्या आयस्नर या कॉमिक्ससाठीच्या मानाच्या अमेरिकी पुरस्कारांत, ही सर्वोत्तम चालू मालिका ठरली. तिच्या सातव्या अंकाला सर्वोत्तम एकल अंकाचा मान मिळाला. वेडला सर्वोत्तम लेखकाचा पुरस्कार मिळाला तो या मालिकेसाठी आणि तेव्हा चालू असलेल्या त्याच्या आणखी दोन मालिकांसाठी. यश मिळालं यात वाद नाही. मला त्यामागचं कसब समजून घ्यायचं आहे. उदास नायकाला आनंदी करायला गेलं की तो बहुतेक वेळा पोरकट होतो, नाहीतर त्याची आधीची दुःखं खोटी वाटू लागतात. इथे दोन्ही झालं नाही. का झालं नाही, याचं उत्तर मला गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका गावात मिळालं. तिथे आमच्या वाचनमंडळाने हे अंक एका दृष्टिहीन पायपेटीवादकाला मोठ्याने वाचून दाखवले. त्या वाचनाची ही सविस्तर नोंद.

नायक कुठे अडकला होता

स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी 1964 मध्ये डेअरडेव्हिल उभा केला. मॅट मर्डॉक हा न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीतला, मुष्टियोद्ध्याचा मुलगा. एका माणसाला ट्रकखाली जाताना वाचवतो आणि ट्रकमधला किरणोत्सारी पदार्थ डोळ्यांवर पडून त्याची दृष्टी जाते. बाकीच्या संवेदना मात्र कित्येक पटींनी तीव्र होतात आणि भोवतालच्या वस्तूंचा आकार जाणवून देणारी एक रडारसारखी शक्ती येते. ठरलेली झुंज हरायला नकार दिल्याबद्दल त्याच्या वडिलांचा खून होतो. मुलगा दिवसा वकील होतो आणि रात्री मुखवटा चढवतो. सुरुवातीच्या कथांतला हा डेअरडेव्हिल बराच खेळकर होता, पोशाखही आधी पिवळा-लाल होता. वेडने आणलेला आनंद परका नव्हता, त्याची मुळं तिथे आहेत.

1979 मध्ये फ्रँक मिलर या मालिकेची चित्रं काढू लागला आणि 1981 पासून लेखनही त्याच्याकडे आलं. त्याने सगळं बदललं आणि फार उत्तम बदललं. 1982 मध्ये मॅटची प्रेयसी इलेक्ट्रा मारली गेली. 1986 मध्ये डेव्हिड मॅझुकेलीच्या चित्रांसह त्याने मॅटचं घर, काम, नाव, सगळं हिरावून घेतलेली कथा लिहिली. ती मी आजही आदराने वाचतो. अडचण मिलरची नव्हती, त्याच्यानंतर जे झालं त्याची होती. चांगला डेअरडेव्हिल म्हणजे चिरडलेला डेअरडेव्हिल, असा समजच होऊन बसला. प्रत्येक नव्या लेखकाला आधीच्यापेक्षा मोठा घाव घालावासा वाटू लागला.

शेवटची दहा वर्षं बघितली की ही साखळी स्पष्ट दिसते. ब्रायन मायकल बेंडिसने मॅटचं गुपित वर्तमानपत्रातून फोडलं आणि 2006 मध्ये निरोप घेताना त्याला तुरुंगात ठेवून गेला. एड ब्रुबेकरने त्याला तिथून बाहेर काढलं, त्याच्या बायकोचं मानसिक संतुलन ढळताना दाखवलं आणि 2009 मध्ये जाताना त्याला ‘हँड’ या मारेकऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या करून ठेवलं. अँडी डिगलच्या कथेत, 2010 मध्ये, एका दुष्ट शक्तीने त्याचा ताबाच घेतला. प्रत्येकाने पुढच्याच्या हातात आधीपेक्षा जास्त मोडलेला माणूस दिला. यातल्या कित्येक कथा एकेकट्या वाचल्या तर उत्तम आहेत, पण एकापाठोपाठ एक वाचल्या की पुढचा घाव आधीच कळतो. ज्याच्या वाट्याला फक्त वाईटच येणार हे ठाऊक असतं, त्याची काळजी वाचक हळूहळू सोडून देतो.

वेडने काय ठेवलं, काय बदललं

त्याने काहीही पुसलं नाही. गुपित फुटलेलं आहे, बायको गमावलेली आहे. पहिल्या अंकातला मॅट हे सगळं जाणतो. याच वाटेने गेलो तर डोकं ठिकाणावर राहणार नाही हे ओळखून त्याने वेगळं जगायचं ठरवलेलं आहे. म्हणजे हा आनंद परिस्थितीने दिलेला नाही, पात्राने घेतलेला निर्णय आहे. आणि निर्णय असल्यामुळे त्याची परीक्षा घेता येते. त्याचा वकिलीतला भागीदार आणि जिवाभावाचा मित्र फॉगी नेल्सन ती पहिल्या अंकापासूनच घेतो. एवढी वर्षं पाहिलेला माणूस अचानक इतका खूश कसा, या काळजीने तो मॅटकडे बघत राहतो. वाचकाची शंका वेडने फॉगीकडे सोपवून टाकली, हे मला फार आवडलं.

गुपिताचं काय केलं तेही बघण्यासारखं आहे. मॅट कोर्टात उभा राहिला की समोरचा वकील ‘हा मॅटच डेअरडेव्हिल आहे’ असं म्हणत मूळ खटलाच बाजूला सारतो. आधीच्या लेखकांनी यातून एक नवी शोकांतिका काढली असती. वेडच्या गोष्टीत मॅट आणि फॉगी वेगळा उपाय काढतात. ज्यांना कोणी वकील मिळत नाही अशा लोकांना आपली बाजू आपणच कशी मांडायची हे ते शिकवू लागतात. बंद झालेल्या दारातून उपयोगाचं काम निघतं. आशावाद म्हणतात तो मला असा हाताला लागेल अशा रूपात हवा असतो.

सर्वात मोठा बदल मात्र चित्रांत आहे. आधीच्या काळात पानं काळी, तपकिरी, पावसात भिजलेली असत. रिव्हेराने ती उजळली. त्याच्या रेखाचित्रांवर शाई फिरवायचे ते त्याचे वडील, ‘जो’ रिव्हेरा, आणि बापलेकाच्या त्या रेषेत जुन्या कॉमिकांचा स्वच्छपणा आहे. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायकाभोवतीचं शहर ध्वनिदर्शक शब्दांनी बनलेलं आहे. जिथे जो आवाज होतो, तिथे तोच शब्द त्या वस्तूचा आकार घेतो. आतल्या पानांवर मॅटला जाणवणारं जग बारीक समांतर रेषांनी काढलेलं आहे, भूगोलाच्या नकाशात डोंगराची उंची दाखवणाऱ्या रेषा असतात तसं.

पेडण्यातलं वाचन

आमचं मंडळ रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात जमतं. पंधरा-सोळा वर्षांची मुलं आहेत, दोघी शिक्षिका आहेत आणि मी. कॉमिक वाचायची कल्पना मुलांची. ज्या मास्तरांना वाचून दाखवलं, त्यांनी हयातभर दशावतारी नाटक मंडळींत पायपेटी वाजवली. लहानपणी देवी आल्या, त्यात त्यांची दृष्टी गेली. आंधळ्या नायकाची गोष्ट आहे असं कळल्यावर ते आपणहून येऊन बसले. त्यांच्या पुतणीनेच वाचायची जबाबदारी घेतली.

कॉमिक मोठ्याने वाचणं अवघड आहे. संवाद वाचता येतात, चित्र सांगावं लागतं. पहिल्या रविवारी मुलांनी चौकट दिसेल तशी सांगायला सुरुवात केली: डावीकडे इमारत, उजवीकडे खांब, मध्ये तो उडी मारतोय. मास्तर शांतपणे ऐकत होते. लग्नाचा प्रसंग संपल्यावर त्यांनी विचारलं, “तिथे वास कसला येत होता?” मुलांनी चित्र पुन्हा बघितलं. वास लिहिलेलाच होता, मॅटच्या मनातल्या बोलण्यात. आम्हीच तो घाईत वगळला होता. त्यानंतर क्रम बदलला. आधी आवाज, मग वास, मग स्पर्श आणि शेवटी काय दिसतं ते.

हा क्रम घेऊन पहिल्या अंकाच्या अखेरची छोटी गोष्ट वाचली, मार्कोस मार्टिनने काढलेली. तिच्यात मारामारी नाही. मॅट आणि फॉगी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून चालत जातात आणि मॅटला काय काय जाणवतंय ते मोठ्या चित्रात पेरलेल्या छोट्या चौकटींतून आपल्याला कळतं. फॉगीला शहर दिसतं. मॅटपर्यंत पोचतं ते दुसरंच शहर, जास्त भरलेलं. मास्तर इथे सावरून बसले. पुतणीला त्यांनी ते परत वाचायला लावलं.

मग ते बोलले. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. नट जागेवर बोलतो आणि बोलता बोलता पदावर येतो. पेटीवाल्याला ते आधी कळावं लागतं. “पद येणार हे मला श्वासावरून कळायचं,” मास्तर म्हणाले. “माणूस वाक्य संपवायला जेवढा श्वास घेतो त्याहून मोठा घेतला की मी भाता चालवायचो. कोण नट घाबरलाय, कोण पुढचं विसरलाय, कोण पिऊन आलाय, सगळं कळायचं. पण मला त्याची गंमत वाटायची. लोकांना वाटतं आम्ही तेवढ्यावर कसंतरी भागवतो.”

या शेवटच्या वाक्याने माझ्यापुरतं प्रकरण उलगडलं. मिलरनंतरच्या पुष्कळ कथांत मॅटच्या संवेदना हे ओझं आहे. शहर त्याच्या कानात किंचाळतं, रक्ताचा वास त्याला झोपू देत नाही. डोळस माणूस अंधत्वाची कल्पना करतो ती अशीच, उणीव किंवा यातना म्हणून. वेड, रिव्हेरा आणि मार्टिन यांनी तीच शक्ती ठेवली, पण तिच्यात चव घातली. मॅट जगाकडे लक्ष देतो कारण त्याला ते आवडतं. नायक उजळला तो इथून. विनोदी संवाद, चुंबन, उड्या हे सगळं त्याच्यामागून आलं. उद्या कोणी मराठीत एखादा खचलेला नायक पुन्हा उभा करायला घेतला, तर त्याचा स्वभाव बदलण्याआधी तो कशाकडे लक्ष देतो हे बदलून बघावं, असं मी आग्रहाने सांगेन.

डेअरडेव्हिलसारखा सैतानाच्या वेषातला माणूस हसवतो कसा, असं एका मुलाने विचारलं तेव्हा मास्तरांनी दशावतारातल्या संकासुराचा दाखला दिला. आमच्याकडच्या कुणाला तो समजावून सांगावा लागत नाही: काळा वेष, काळा मुखवटा, लोंबणारी लाल जीभ. तो आला की पुढे बसलेली पोरं आईच्या कुशीत शिरतात आणि त्याची बोलाचाली सुरू झाली की तीच पोरं खिदळतात. वेद चोरणारा असुर आहे, शेवटी विष्णूकडून मारला जाणार आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी त्याची भीती आणि त्याचा विनोद एकाच अंगात नांदतात. मास्तरांचं म्हणणं होतं की त्या अमेरिकन पोशाखातही हे दोन्ही पहिल्यापासून होतं, लोकांनी मधली काही वर्षं फक्त भीती वापरली.

सातवा अंक

या अंकासाठी आम्ही अख्खा रविवार ठेवला. नाताळाच्या दिवसांत मॅट दृष्टिहीन मुलांना सहलीला घेऊन निघतो. बर्फाच्या वादळात बसला अपघात होतो, ड्रायव्हर दगावतो, मॅट जखमी आहे, आणि थंडीत उघड्यावर अडकलेल्या या मुलांना सुरक्षित जागी पोचवायचं आहे. त्याची संवेदनशक्ती इथे कामी यायला हवी, पण बर्फाने तीच निकामी केली आहे.

इथे वाचन अडलं. आमच्यात कोणीच बर्फ पडताना अनुभवलेला नव्हता. मास्तरांचा पाऊस मात्र पक्का होता. पाऊस सुरू झाला की त्यांना अंगण कळतं: कौलांवरचा आवाज वेगळा, पत्र्यावरचा वेगळा, केळीच्या पानावरचा वेगळा, तुळशीवृंदावनाच्या चिऱ्यांवरचा आणखी वेगळा. एरवी ज्या वस्तू मुक्या असतात त्या पावसात आपापल्या जागेवरून बोलू लागतात. “मग बर्फ पडताना किती आवाज येत असेल,” ते म्हणाले. शिक्षिकाबाईंनी सांगितलं की येत नाही. ताजा बर्फ भुसभुशीत असतो, त्याच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते, आणि ती भुसभुशीत जाड दुलई आवाज परत पाठवण्याऐवजी शोषून घेते. मास्तर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे त्याला तिथे आमच्यासारखं सुद्धा कळणार नाही.”

पुढे मॅट कोसळतो. आपण या मुलांना वाचवू शकत नाही अशी त्याची खात्री होत जाते. आणि मुलं त्याला सोडत नाहीत. तो त्यांचा आधार व्हायला निघाला होता, शेवटी तीच त्याचा आधार होऊन त्याला पुढे नेतात. ज्यांना जन्मभर कोणी ना कोणी हात धरून नेत आलं आहे, ती मुलं इथे एका मोठ्या माणसाला नेतात. पुतणी वाचत असताना दोन मुलांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यात संकोच वाटण्यासारखं काही दिसत नाही. या अंकाला पुरस्कार मिळाला तो रास्तच होता. लेखकाने आशा नायकाच्या ताकदीत ठेवली नाही, त्याने ज्यांच्यावर विश्वास टाकला होता त्यांच्यात ठेवली.

याच अंकात कार्यालयातल्या नाताळच्या मेजवानीला मॅट ‘मी डेअरडेव्हिल नाही’ असं लिहिलेला स्वेटर घालून येतो. तिथे हसू येतं. पण तो स्वेटर हे एक खोटंही आहे, आणि मालिकेला त्याची आठवण राहते.

आनंद खरा की ओढून ताणून

प्रकरण इथेच संपलं असतं तर मी त्याला गोड म्हणालो असतो, थोर नव्हे. फॉगीची शंका वेड वाढवत नेतो. मॅटच्या टेबलाच्या खणात त्याच्या वडिलांची हाडं सापडतात आणि फॉगीला वाटतं, हा हसणारा मित्र आतून पार ढासळला आहे. त्यामागे एका शत्रूचा डाव असतो, पण फॉगीची भीती पोकळ नसते. पुढे फॉगीलाच कर्करोग होतो. आता मॅटला दुसऱ्यासाठी धीर धरावा लागतो आणि त्याचं हसू कुठे कामाचं आहे, कुठे नाही, हे उघडं पडत जातं. 2014 मध्ये छत्तिसाव्या अंकात तो शपथेवर सांगून टाकतो की मीच डेअरडेव्हिल. न्यूयॉर्कमधली वकिलीची सनद जाते. तो सॅन फ्रान्सिस्कोला जातो आणि तिथे अठरा अंकांची पुढची मालिका सुरू होते. चित्रं क्रिस सॅमनीची. पहिल्या मालिकेतही बराच काळ तोच होता, आणि वेडइतकंच श्रेय त्यालाही द्यायला हवं.

त्या दुसऱ्या मालिकेत, 2014 च्या अखेरीस आलेल्या दहाव्या अंकात, मॅटचं नैराश्य सरळ समोर येतं. दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळवणारी काही मुलं त्याच्या आतलं दुःख उसळवून वर आणतात. सॅमनीने ते आरडाओरडा न करता काढलं आहे. आजूबाजूचं जग फिकं होतं, काही करावंसं वाटत नाही. 2011 मध्ये घेतलेला तो निर्णय कशाच्या विरोधात होता हे इथे कळतं. आणि तो एकदा घेऊन संपणारा नव्हता.

हा अंक मुलांसमोर वाचावा की नाही यावर आमच्यात दुमत झालं. एका शिक्षिकेला तो मुलांसाठी जड वाटत होता. मी वाचायच्या बाजूने होतो. पहिल्या अंकाचा आनंद वाचून दाखवायचा आणि हे झाकून ठेवायचं, यात मुलांची फसवणूक झाली असती. शेवटी वाचला, आणि वाचून झाल्यावर मुलं बराच वेळ बोलत बसली. काय बोलली ते त्यांचं त्यांच्याकडे राहू दे.

मास्तरांची एक हरकत मात्र कायम राहिली. त्यांना ती रडारशक्ती पटली नाही. वास, श्वास, पावलं, भिंतीवरून परत येणारा आवाज, इथपर्यंत ते मॅटबरोबर चालत आले. पण न ऐकता, न शिवता समोरच्या वस्तूचा आकार कळत असेल तर तो आमच्यातला राहत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुलांनी बाजू लढवली की सुपरहिरोला एवढी सूट हवीच. मी मास्तरांच्या बाजूचा आहे. वेडच्या मालिकेतही रडारच्या जोरावर जिंकलेल्या मारामाऱ्या मला फारशा आठवत नाहीत. आठवते ती फॉगीबरोबरची ती चाल, आणि रडार बंद पडलेला तो सातवा अंक.